दूध तपासलं, ट्यूबा सोडल्या, तरी शेळीची दगडी परत का येते?

दगडीच्या, म्हणजे कास सुजण्याच्या, तक्रारीचा साचा ठरलेला असतो. शेळी व्यायली, पहिले काही आठवडे दूध भरपूर दिलं, मग एका बाजूची कास जड लागायला लागली. धार काढताना सुरुवातीला दोन-चार गुठळ्या. दवाखान्यातून सडात सोडायची ट्यूब आणली, तीन दिवस सोडली, दूध साफ. महिना जातो न जातो तोच परत गुठळ्या. मग कोणीतरी सुचवतं, दूध तपासून घ्या. तपासलं की गोंधळ आणखी वाढतो. गोठ्यातल्या पॅडल चाचणीत निम्मा कळप आजारी निघतो आणि प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'जंतूंची वाढ आढळली नाही'.

शेळ्या-मेंढ्यांचा डॉक्टर म्हणून शिरूर, दौंड, पुरंदर, मुळशी अशा सगळ्या बाजूंनी मला फोन येतात, आणि ही दोन वाक्यं त्यात हमखास असतात. दोन्ही निकाल खरेसुद्धा असू शकतात. अडचण अशी आहे की पॅडल, बाटली, निकाल वाचायचे आकडे हे सगळं मुळात गाईसाठी ठरलेलं, आणि आपण ते जसंच्या तसं शेळीला लावतो. गाईचं माप लावलं की निरोगी शेळी आजारी दिसते. ब्रुसेला या शेळ्या गाभडवणाऱ्या आणि माणसालाही ताप आणणाऱ्या जंतूच्या बाबतीत उलट होतं, आजारी शेळी निरोगी ठरते. हे दुसरं फार महाग पडतं, त्याच्याकडे खाली येतोच.

बाटली उघडायच्या आधी कास चाचपा

धार पूर्ण काढून घ्या आणि मग दोन्ही हातांनी दोन्ही बाजू एकाच वेळी दाबून बघा. भरलेल्या कासेत काहीच कळत नाही. रिकामी कास मऊ, सैल आणि दोन्हीकडे सारखी लागायला हवी.

एकच बाजू गरम, सुजलेली, दुखरी आणि दुधात गुठळ्या असतील तर ती नेहमीची जंतूंची दगडी. पुढच्या सगळ्या तपासण्या मुख्यतः हिच्यासाठी. वरून काही दिसत नाही पण आत सुपारीएवढी गाठ लागते, अशी कास जुनी दुखणेकरी असते आणि वारंवार उलटणाऱ्या केसेस बहुतेक याच.

कास गार पडली आहे, कातडी निळसर-काळी दिसते, शेळीने चारा सोडलाय आणि त्या बाजूचा मागचा पाय ओढत चालते, असं असेल तर दूध तपासत बसू नका. ही सडकी दगडी. काही तासांचा खेळ असतो, कास वाचवण्यापेक्षा शेळी वाचवायची असते. लगेच डॉक्टरांना बोलवा, नाहीतर 1962 वर फोन करून फिरता दवाखाना मागवा.

दोन्ही बाजू एकदम बिघडल्या असतील तर विचारांची दिशाच बदलायची. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

पॅडल चाचणी: सगळेच पॉझिटिव्ह येतात तेव्हा

चार कप्प्यांचं पांढरं पॅडल आणि जांभळ्या द्रावणाची बाटली, म्हणजे सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट). 1957 साली कॅलिफोर्नियात ही चाचणी गाईंसाठी तयार झाली, म्हणून कप्पे चार. शेळीला दोनच लागतात, उरलेल्या दोनात दुसरी शेळी बसते. प्रत्येक कप्प्यात साधारण अर्धा चमचा दूध, तेवढंच द्रावण, दहा सेकंद गोल फिरवायचं आणि लगेच बघायचं. वेळ घालवला तर झालेला चिकटा मोडतो आणि निकाल सौम्य वाटतो.

चाचणी काय मोजते ते एकदा समजून घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. द्रावणात साबणासारखा पदार्थ असतो. तो दुधातल्या पेशी फोडतो, पेशींच्या आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध घट्ट होतं. जंतूंशी याचा थेट संबंध नाही. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी किती आहेत, एवढंच तुम्हाला कळतं.

आता शेळीची गोष्ट. निरोगी गाईच्या एका मिलिलिटर दुधात पेशी 2 लाखांच्या आत असाव्यात असं मानतात. शेळीत कुठलाही आजार नसताना त्या 5-7 लाख सहज भरतात, आणि दूध आटत आलं की 10 लाखांच्याही वर जातात. माजावर आल्यावरही वाढतात. अमेरिकेत गाईच्या दुधाला 7.5 लाखांची मर्यादा आहे आणि शेळीच्या दुधाला 15 लाखांची, ती उगाच नाही. त्यामुळे पॅडलवर हलकासा चिकटा किंवा 1 नंबरचा निकाल आला, तर शेळीपुरतं ते नॉर्मल धरायचं. व्यायल्यावर पहिल्या आठवड्यात तर पॅडल काढूच नका, चिकामुळे सगळेच कप्पे घट्ट होतात.

मग बघायचं काय? पॅडल हळू तिरकं करा आणि द्रव सरकतो कसा ते बघा. सगळा द्रव पाण्यासारखा वाहून गेला तर काही नाही. एकसंध होऊन सरकला आणि कप्प्याचा तळ क्षणभर उघडा पडला, तर 2. फिरवताना मधोमध उंचवटा आला आणि पॅडल तिरकं केलं तरी तो गोळा तळाला धरून बसला, तर 3. दोन आणि तीनची दखल घ्यायची. त्याहूनही महत्त्वाचा आहे डाव्या-उजव्यातला फरक. दोन्ही कप्पे 1 असतील तर शेळी निवांत चरू दे. डावा साफ आणि उजवा 2 असेल तर उजव्या बाजूत नक्की काहीतरी शिजतंय, मग शेळी आटत आलेली असो की नुकती दुधाला लागलेली. कारण वय, हंगाम, माज या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच लागू होतात, संसर्ग मात्र बहुधा एका बाजूने शिरतो.

रंगाकडेही एक नजर टाका. द्रावणाचा जांभळा रंग गडद झाला तर दूध अल्कधर्मी झालंय, दगडीत तसं होतं. पिवळसर पडला तर दूध आंबलंय, बहुतेक नमुनाच शिळा आहे.

द्रावण मिळत नसेल तर अर्ध्या लिटर पाण्यात 15 ग्रॅम साधी कपडे धुण्याची पावडर विरघळवून तेवढ्याच दुधात फिरवा. तत्त्व तेच. घट्टपणाचे बारकावे तितके दिसत नाहीत, पण डाव्या-उजव्याची तुलना होते आणि आपल्याला हवी ती तुलनाच.

एक सूचना डेअरीला किंवा खासगी लॅबला दूध देणाऱ्यांसाठी. शेळीची दूधग्रंथी दूध सोडताना स्वतःच्या पेशींचे तुकडेही सोडते. त्या तुकड्यांत डीएनए नसतो. कण मोजणारं मशीन त्यांनाही पेशी समजून मोजतं आणि आकडा फुगतो. लॅबला सरळ विचारा, मोजणी डीएनएवर होते की नुसत्या कणांवर. कणांवर होत असेल तर त्या आकड्यावरून एकही शेळी विकू नका. पॅडलला हा दोष नाही, ते डीएनएवरच चालतं.

नमुना: इथेच बहुतेक रिपोर्ट वाया जातात

पॅडलने संशयित बाजू दाखवली की पुढचा प्रश्न असतो कोणता जंतू. त्यासाठी दूध प्रयोगशाळेत जातं. मी पाहिलेल्या निकामी रिपोर्टांपैकी बहुतेकांचं मूळ गोठ्यातच होतं. धारेच्या बादलीतून बाटली भरून आणलेली, किंवा रिकामी झालेली औषधाची बाटली विसळून तिच्यात दूध घेतलेलं. अशा नमुन्यात लेंडीतले, हातावरचे, बाटलीतले सगळे जंतू वाढतात आणि खरा गुन्हेगार त्या गर्दीत हरवतो.

निर्जंतुक झाकणाची ट्यूब किंवा लघवी तपासणीची नवी सीलबंद डबी घ्या, ती कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. हात साबणाने धुवा. कास फार घाण असेल तरच धुवा, आणि धुतली तर पूर्ण कोरडी करा. ओघळणारं पाणी सडाच्या टोकाशी जमतं आणि थेट डबीत पडतं. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका. मग स्पिरिटच्या बोळ्याने सडाचं टोक घासा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. आधी लांबचा सड पुसायचा, मग जवळचा. नमुना घेताना उलट, आधी जवळचा आणि मग लांबचा, म्हणजे पुसलेल्या सडावरून आपलीच बाही जात नाही.

सासवडच्या बाजूच्या एका मावशींनी इथे मला अडवलं होतं. "डॉक्टर, त्ये गार लावलं की शेळी लाथाच झाडती. पटकन धार घिऊन मोकळं हू या की."

"मावशी, सुकू द्या आधी. ओल्या सडावरून घेतलं तर स्पिरिट दुधात जाईल आणि लॅबमध्ये काहीच उगवणार नाही. मग तुम्ही मलाच विचाराल, रोग गेला कुठं."

मावशींनी शेळीच्या तोंडापुढे सुबाभळीचा डहाळा धरला आणि तेवढ्यात सड सुकला. युक्ती साधी आहे पण घ्यावी अशी आहे.

डबी आडवी धरायची, उभी नाही. उभ्या डबीत वरून केस, धूळ, कातडीचा कोंडा पडतो. झाकण दुसऱ्या हाताच्या बोटांत पालथं धरा, जमिनीवर ठेवू नका. दूध 5 मिलिलिटर पुरे, डबी भरायची गरज नाही. दोन्ही बाजूंचे नमुने वेगळे घ्या आणि डबीवर तिथल्या तिथे लिहा: शेळीचा नंबर, डावी की उजवी, तारीख. डावी-उजवी शेळीच्या मागे उभं राहून ठरवायची. एकजण पुढून बघतो, दुसरा मागून, आणि औषध चांगल्या बाजूत जातं.

लगेच बर्फावर. थर्मासमध्ये फ्रीजमधले बर्फाचे खडे, डब्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, म्हणजे वितळलेलं पाणी आत शिरत नाही. 24 तासांच्या आत लॅबला पोचलं पाहिजे. पोचणार नसेल तर गोठवून ठेवा. दगडीचे नेहमीचे जंतू, म्हणजे स्टॅफिलोकोकस, गोठवल्याने मरत नाहीत. मायकोप्लाझ्मा या वेगळ्या जंतूचा (त्याच्याबद्दल खाली) संशय असेल तर मात्र गोठवणं टाळा, ताजंच पोचवा.

आणि सगळ्यात मोठी अट: नमुना औषधाच्या आधी. ट्यूब किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर घेतलेलं दूध तपासणं म्हणजे पैसे फुकट. औषध देऊन झालंच असेल, तर शेवटच्या मात्रेनंतर दोन-तीन आठवडे थांबा आणि मग घ्या.

पुण्यात राहण्याचा यात फायदा आहे. औंधला स्पायसर कॉलेजसमोर पशुसंवर्धन आयुक्तालयाच्या आवारात राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळाही तिथेच. आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं पत्र जोडा आणि पत्रात नुसतं 'दूध तपासणी' लिहून सोडू नका. शेळी कधी व्यायली, कोणती बाजू, आधी कोणती औषधं दिली, कळपात आणखी कोणाला, कोणी गाभडली का, सांधे किंवा डोळे कोणाचे बिघडलेत का, हे लिहा. लॅबवाल्याला कोणत्या जंतूसाठी कोणतं माध्यम (जंतू वाढवायचं खाद्य) वापरायचं ते यावरूनच ठरवता येतं.

'वाढ नाही' याचा अर्थ 'रोग नाही' नव्हे

कागद हातात आला आणि त्यावर वाढ नाही असं असेल तर आधी वरची यादी तपासा: औषध चालू होतं का, स्पिरिट ओलं होतं का. दोन्ही नसेल तर तीन शक्यता उरतात.

एक, शरीराने जंतू संपवले आहेत आणि पेशी अजून रेंगाळताहेत. शेळीत हे पुष्कळदा होतं. दोन आठवड्यांनी पॅडल लावून बघा, घट्टपणा उतरलेला असेल. अशा शेळीला ट्यूब सोडली असती तर गुण आपोआप आला असता आणि श्रेय ट्यूबला गेलं असतं.

दोन, जंतू आहे पण त्या दिवशी दुधात उतरला नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस यासाठी कुप्रसिद्ध. तो कासेच्या आत बारीक गळवं करून, पेशींच्या पोटात लपून राहतो आणि अधूनमधून दुधात येतो. आज नाही, परवा आहे. म्हणून संशय पक्का असेल तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्यावे लागतात. वारंवार उलटणारी एकतर्फी दगडी, आत गाठ, आणि ट्यूब सोडली की तात्पुरता आराम, हे सगळं जुळत असेल तर पहिल्या 'वाढ नाही'वर विश्वास ठेवू नका.

तीन, जंतू साध्या माध्यमावर उगवणारा नाहीच. हा मायकोप्लाझ्मा.

तीन-चार जातींचे जंतू एकदम आले असतील तर तो नमुना घाण गेला, परत पाठवा. त्या कागदावर औषधांची संवेदनशीलता छापलेली असली तरी ती शेणातल्या जंतूची असू शकते.

एकच जंतू स्वच्छ उगवला आणि तो ऑरियस नसलेला स्टॅफिलोकोकस असेल, तर घाबरायचं कारण नाही. शेळीच्या कासेत सर्वाधिक सापडतो तो हाच गट. त्रास सौम्य, उपचाराला बरा प्रतिसाद. ऑरियस निघाला तर मात्र सरळ बोलतो: दूध देत असताना ट्यूबा सोडून तो जाण्याची आशा कमीच. चांगली संधी मिळते ती शेळी आटवताना, त्या वेळी लांब काळ टिकणारं औषध कासेत सोडून. तरीही पुढच्या वेताला उलटली, तर ती शेळी कळपातून काढणं स्वस्त पडतं. एका शेळीच्या लोभापायी धार काढणाऱ्याच्या हातून ऑरियस बाकीच्या कळपात फिरतो.

ट्यूबेबद्दल एवढंच: गाईची एक ट्यूब दोन सडांत अर्धी-अर्धी सोडायची नाही. पहिल्या सडातून निघालेलं टोक दुसऱ्यात घातलं की आजार आपणच पोचवला. टोकही पूर्ण आत दाबू नका, शेळीच्या सडाचं छिद्र बारीक असतं. आणि ट्यूबेवर छापलेले दूध न वापरायचे दिवस गाईचे आहेत. शेळीसाठी किती ते औषध देणाऱ्या डॉक्टरांकडून वेगळं विचारून घ्या.

दोन्ही बाजू एकदम गेल्या तर

कळपात एकामागून एक शेळ्यांचं दूध अचानक घटतं, दूध पाणचट किंवा पिवळट होतं, ठेवलं की खाली साका बसतो. त्याच सुमाराला कोणाचे गुडघे सुजतात, कोणाचे डोळे लाल होऊन पांढरे पडतात. हे तिन्ही एकत्र दिसलं तर मायकोप्लाझ्मा अ‍ॅगॅलॅक्शिए मनात आणायचा. निदानासाठी दूध हाच उत्तम नमुना, पण पत्रात त्याचं नाव लिहून मागावं लागतं. त्याला खास माध्यम आणि जास्त दिवस लागतात, पीसीआर सोय असेल तर काम लवकर होतं. या जंतूला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन गटातली औषधं भित्तिकेवरच घाव घालतात, म्हणून इथे ती कितीही द्या, वाया जातात. 'महागातली इंजेक्शनं दिली तरी फरक नाही' या तक्रारीचं उत्तर कधी कधी इथे सापडतं.

दुसरी तऱ्हा अगदी वेगळी. शेळी व्याली, कास दोन्हीकडे कडक, पण गरम नाही, दुखत नाही. दूध दिसायला स्वच्छ, येतं मात्र चमचाभर. जंतू उगवत नाहीत, पॅडलही फारसं बोलत नाही. सीएई नावाचा विषाणू असं करतो. तो मोठ्या शेळ्यांचे गुडघे धरतो आणि करडांना मागून लुळं पाडतो. सानेनसारख्या परदेशी दुधाळ जाती किंवा त्यांचे संकर पाळणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. तपासणी एलायझाने, रक्तावर होते आणि दुधावरही. पण चाचणी विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधते आणि ती तयार व्हायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून एकदा निगेटिव्ह आलेली शेळी परत तपासावी लागते. सहा महिन्यांच्या आतलं करडू पॉझिटिव्ह आलं तर ती प्रतिद्रव्यं आईच्या चिकातलीही असू शकतात. औषध नाही. प्रसार मुख्यतः चीक आणि दुधातून, त्यामुळे बाधित आईचं करडू जन्मताच वेगळं करून त्याला 56 अंशांवर एक तास तापवलेला चीक पाजतात. त्याहून जास्त तापवला तर चीक जमून जातो.

ब्रुसेला: इथे दुधाच्या चाचणीवर विसंबू नका

कोणी विचारतं, गाईच्या डेअरीत दुधाची रिंग टेस्ट करतात, तीच शेळ्यांची करून टाकू का? नाही.

रिंग टेस्टमध्ये रंगवलेले मृत ब्रुसेला जंतू दुधात टाकतात. दुधात प्रतिद्रव्यं असतील तर ती या जंतूंना धरतात, तो पुंजका स्निग्धाच्या कणांना चिकटतो आणि सायीबरोबर वर येऊन रंगीत कडं दिसतं. शेळीच्या दुधावर साय किती धरते ते तुम्हाला ठाऊक आहे. कण बारीक, आणि त्यांना एकत्र आणणारं प्रथिन गाईच्या दुधात असतं तसं इथे नसतं. साय वर येत नाही, कडंही दिसत नाही, आणि आजारी शेळी निरोगी ठरते. शेळ्या-मेंढ्यांसाठी ही चाचणी उपयोगाची नाही. ब्रुसेलासाठी रक्त द्यायचं, रोझ बंगाल चाचणी करायची. तिथेही गाईचं माप चालत नाही: गाईत रक्तद्रव आणि अँटिजेन (रंगवलेल्या मृत जंतूंचं द्रावण) समसमान घेतात, शेळी-मेंढीत रक्तद्रव तिप्पट घेतला तर चाचणी जास्त रोगी पकडते. पॉझिटिव्ह आल्यावर दुसऱ्या चाचणीने खात्री करून घ्यायची.

ब्रुसेला मेलिटेन्सिस कासेत बसला तरी कास सुजत नाही, दूध फुटत नाही, चवही बदलत नाही. माल्टा बेटावर हेच झालं. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये तिथल्या तापाचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामिट यांनी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या घेऊन अमेरिकेला निघालेल्या जोशुआ निकल्सन जहाजावरचे कच्चं दूध प्यायलेले लोक तापाने पडले, शेळ्या मात्र मजेत होत्या. पुढच्या वर्षी ब्रिटिश सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने उतरला.

म्हणून संशय कासेवरून घ्यायचा नसतो. शेळ्या शेवटच्या दोन महिन्यांत गाभडताहेत, वार अडकते, बोकडाचे वृषण सुजलेत, घरातल्या कोणाला संध्याकाळी येणारा ताप, घाम आणि कंबरदुखी सुटत नाही, यातलं काहीही असेल तर रक्त तपासा. तापाच्या माणसाने डॉक्टरांना 'घरी शेळ्या आहेत' हे आपणहून सांगावं. शहरातला डॉक्टर ते विचारेलच असं नाही, आणि उपचार साध्या तापासारखे पाच दिवसांचे नसतात, किमान सहा आठवड्यांचे असतात. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, चुना घालून खोल पुरा. केंद्राच्या 2019 पासूनच्या ब्रुसेला लसीकरणात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि पारड्या येतात. शेळ्या त्यात नाहीत, तेव्हा 'आमच्या गावात लस झालीय' हे शेळीवाल्यासाठी उत्तर नव्हे.

पावसाळा सरता सरता पुण्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की शेळीच्या कच्च्या दुधाला अचानक गिऱ्हाईक येतं. प्लेटलेट वाढतात म्हणे. याला आधार नाही, आणि अशक्त झालेल्या माणसाला न तापवलेलं दूध पाजणं म्हणजे एका तापावर दुसरा ओढवून घेणं. गिऱ्हाईक कितीही भाव देऊ दे, दूध उकळून दिलं तर द्या. चीज करणाऱ्यांनी 63 अंशांवर अर्धा तास धरलेलं दूधच वापरावं.

मेंढ्यांबद्दल थोडं

आपल्याकडे दख्खनी मेंढीची धार विकायला कोणी काढत नाही, त्यामुळे दगडी उशिरा कळते. कोकरू सारखं ओरडतं, वाढत नाही, किंवा मेंढी त्याला पिऊ देत नाही, तेव्हा कास बघितली जाते. पेशींच्या बाबतीत मेंढीचं दूध गाईच्या जवळ जातं, म्हणून पॅडलवरचा 1 नंबर शेळीइतका सहज सोडून देऊ नये. मेंढीत मॅनहायमिया नावाचा जंतू आढळतो, तो कोकराच्या तोंडातून सडात शिरतो. एकाच कोकराला दोन-तीन मेंढ्यांना लावायची सवय असेल तर ती सोडा. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांनी निघायच्या आधी एकदा सगळ्या दुभत्या मेंढ्यांच्या कासा चाचपून घ्याव्यात, वाटेत बर्फही मिळत नाही आणि लॅबही.

परत येऊ नये म्हणून

धार काढायचा क्रम बदला. पहिलटकरणी आधी, मग पॅडलवर स्वच्छ निघालेल्या, शेवटी संशयित. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय हाच. धार झाल्यावर सड पोव्हिडोन आयोडिनच्या पातळ द्रावणात बुडवा आणि शेळ्यांपुढे चारा टाका, म्हणजे सडाचं छिद्र मिटेपर्यंत त्या उभ्या राहतात.

करडांच्या तोंडाला मावा आला असेल तर आयांच्या सडांवर फोड बघा. माव्याच्या फोडांतून जंतू आत शिरतात आणि दगडीची लाट येते. तिथे ट्यूबा बदलत बसण्यापेक्षा करडं वेगळी करून वाटीने दूध पाजलेलं बरं.

नवीन शेळी चाकणच्या किंवा यवतच्या बाजारातून आणत असाल तर विकणारा कास तुंबलेली ठेवतो, जास्त दुधाची दिसावी म्हणून. धार काढून दाखवा म्हणा. रिकाम्या कासेत गाठ शोधा आणि खिशातलं पॅडल तिथेच लावा. कुरकुर करणारे करतात. दोन कप्प्यांत फरक दिसला तर भाव पाडून घेण्याच्या भानगडीत न पडता पुढच्या शेळीकडे वळा. घेतलीच, तर रक्ताचा निकाल येईपर्यंत ती कळपापासून लांब बांधा आणि तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढा.